डावी अर्धी सेसना: दहा बाय दहाच्या खोलीतलं कॉकपिट, प्रकल्प नोंदी

३१ मे २०२५, शनिवार

संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी घरीच कॉकपिट बांधायचं. विमान ठरलं: सेसना १७२. जेटचं कॉकपिट दिसायला भारी, पण त्यात बटणंच दोन-तीनशे. सेसनाला एक इंजिन, एक योक (विमानाचं स्टिअरिंग), रडरची म्हणजे शेपटीची उभी पट्टी वळवणारी दोन पेडल, काळा थ्रॉटल (इंजिनाची ताकद), लाल मिक्श्चर (हवा-इंधनाचं प्रमाण), सहा गोल घड्याळं आणि डझनभर स्विच. खऱ्या केबिनची रुंदी साधारण मीटरभर असते. आपण फक्त डावी बाजू बांधायची.

खोली दहा बाय दहा. दरवाजाच्या चौकटीतून मोकळी जागा ७६० मिमी मिळते. म्हणून तळफळी १३५० × ६८० मिमी, आणि सगळं तीन तुकड्यांत: आसन आणि पेडल असलेला तळ, योकसकट पॅनल-स्टँड, आणि मॉनिटरचा वेगळा स्टँड. तीन तुकडे आठ बोल्टांनी जोडायचे. पाहुणे आले की दहा मिनिटांत सुटलं पाहिजे.

बजेट पंचवीस हजार. यात संगणक, समोरचा मॉनिटर आणि सॉफ्टवेअर धरलेलं नाही. पैसे कुठे घालायचे याचा क्रम आजच लिहून ठेवू: आधी हातापायाला लागतं ते, म्हणजे योक, पेडल, थ्रॉटल. डोळ्यांना दिसतं ते नंतर. रंग, लेबलं, दिवे सगळ्यात शेवटी.

७ जून, शनिवार

लाकूड. १८ मिमीची एक शीट तळाला आणि बाजूच्या पट्ट्यांना, १२ मिमीची अर्धी शीट पॅनल-स्टँडला. एमडीएफ स्वस्त आहे आणि कापायला गुळगुळीत, तरी घेतला नाही. यंदा पाऊस २६ मेलाच मुंबईत आला. पावसाळी हवेत एमडीएफच्या कडा फुगतात, आणि फुगलेल्या कडेत स्क्रू दुसऱ्यांदा धरत नाही. हे कॉकपिट वारंवार सुटणार-जुळणार. बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्यालाही टिकणाऱ्या ग्रेडचा प्लाय, आयएस ३०३ चा शिक्का बघून घेतला. आयएस ७१० चा मरीन प्लाय घरात लागत नाही, तो खर्च नको.

आठ बाय चारची १८ मिमीची शीट तीस किलोच्या वर भरते आणि लिफ्टमध्ये मावत नाही. कापायची मापं कागदावर घेऊन जावं आणि दुकानातच पॅनल-सॉवर कापून घ्यावी. पात्याची जाडी, साधारण ३ मिमी, प्रत्येक कापाला वजा धरावी. ती विसरली की शेवटची पट्टी तोकडी येते. प्लाय, कापणावळ, टेम्पो मिळून ५,२०० रुपये.

८ जून

तळफळीखाली १८ मिमीच्याच पट्ट्या उभ्या, ६० मिमी उंच, चौकट आणि मध्ये दोन आडव्या. स्क्रूच्या आधी फेव्हिकॉल, स्क्रूच्या आधी ३ मिमीचं भोक. थेट स्क्रू मारला की प्लायच्या कडेचे थर फाटतात. खाली ६ मिमी रबराची चटई. गुळगुळीत टाइल्सवर जोरात रडर दाबला की अख्खा तळ मागे सरकतो. शिवाय खालच्या मजल्यावर दणके जात नाहीत. सोसायटीत दुपारी दोन ते चार ड्रिल बंद, तेवढ्या वेळात घासकाम.

आसन आणि पेडल एकाच फळीवर हवेत. पेडल जमिनीवर सुटं ठेवून ऑफिसची चाकांची खुर्ची वापरली तर पेडल दाबल्यावर पेडल हलत नाही, माणूस मागे जातो.

१४ जून, शनिवार

आसन कुर्ल्याला सीएसटी रोडवर, जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांत. छोट्या हॅचबॅकचं ड्रायव्हर सीट, रेलसकट, २,५०० रुपये. बघायचं ते एवढं: रेल दोन्ही बाजूंनी सारख्या सरकतात का, आणि पाठीच्या कडेला एअरबॅगचं लेबल किंवा सीटखाली पिवळा कनेक्टर आहे का. असला तर ते सीट घेऊ नये. न फुटलेली एअरबॅग म्हणजे बारूदच, घरात उघडून काढायची वस्तू नव्हे.

२२ जून

पेडल. दोन पेडल एका आडव्या दांड्याला जोडलेली, दांडा मध्यावर फिरतो: एक पुढे गेलं की दुसरं मागे. दांडा ३०० मिमी, म्हणजे मध्यापासून १५० मिमी. पेडलची चाल मध्यापासून ६० मिमी इकडे, ६० मिमी तिकडे. मधला खिळा म्हणजे ८ मिमीचा रॉड, वर-खाली दोन ६०८ बेअरिंग. आतलं भोक ८ मिमी, बाहेरून २२, जाडी ७. नागदेवी स्ट्रीटला, हार्डवेअरच्या बाजारात, डझनाने मिळतात. लाकडात २२ मिमीचं भोक फोर्स्टनर बिटने पाडलं. साध्या चपट्या बिटचं भोक अंडाकृती येतं आणि बेअरिंग आत डुलतं.

इथे सेन्सरचा हिशेब नीट समजून घ्यावा, कारण स्वस्तातलं रडर इथेच फसतं. या चालीत दांडा एकूण ४७ अंश फिरतो. साधा १० के पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवला की रोध बदलणारा ‘पोट’, ३०० अंश फिरतो आणि आर्डुइनो (छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड) त्याच्या १०२४ पायऱ्या करतो. ४७ अंशांच्या वाट्याला येतात फक्त १६०. त्यातल्या चार-पाच पायऱ्या नुसत्या थरथरीत जातात. धावपट्टीवर नाक उजवीडावीकडे टकटक हलतं ते यामुळे. एएस५६०० हा चुंबकीय सेन्सर पूर्ण फेरीच्या ४०९६ पायऱ्या देतो. ४७ अंशांना ५३५. घासणारा भाग नाही, त्यामुळे समुद्राकडच्या खाऱ्या दमट हवेत पोटचा ट्रॅक जसा वर्षभरात खरखरू लागतो तसं याचं होत नाही. मॉड्यूल दोनशेच्या आसपास.

२८ जून, शनिवार

लॅमिंग्टन रोड, इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. रविवारी बहुतेक शटर खाली, म्हणून शनिवार सकाळ. ग्रँट रोड स्टेशनातून पूर्वेला पाच-सात मिनिटं चालत. घेतलेलं: आर्डुइनोचे बोर्ड, प्रो मायक्रो दोन आणि मेगा २५६० एक, एएस५६०० दोन, ४९ई हॉल सेन्सर (चुंबक जवळ आलेलं ओळखणारे) चार, मॅक्स ७२१९ ची आठ अंकी पट्टी एक, ईसी११ एन्कोडर (खटक्याखटक्याने गोल फिरणारी घुंडी) पाच, टॉगल स्विच चौदा, ६० मिमी स्लाइड पोट दोन, रोटरी स्विच एक, पॉवर असलेला यूएसबी हब एक. एकूण ६,३०० रुपये.

प्रो मायक्रो का, आणि उनो का नाही? प्रो मायक्रोवरची एटीमेगा ३२यू४ चिप स्वतःच यूएसबी बोलते आणि संगणकाला सरळ जॉयस्टिक म्हणून दिसते. उनो आणि मेगा तसं करत नाहीत. घेताना टाइप-सी पोर्टचा बोर्ड मागावा. मायक्रो-यूएसबी पोर्ट वरवर सोल्डर केलेला असतो, केबलला एक हिसका बसला की तांब्याच्या पट्ट्यांसकट उखडतो. तोच हाती आला तर पोर्टच्या भोवती दोन भागांचा इपॉक्सी लावून टाकावा.

२९ जून

एएस५६०० लावताना चार गोष्टी चुकतात. आज तीन चुकल्या.

चुंबक चकतीच्या व्यासातून चुंबकीय केलेलं हवं, म्हणजे अर्धगोल उत्तर, अर्धगोल दक्षिण. फ्रिजवर लावतात ती साधी चकती लावली तर दांडा फिरला तरी आकडा जागचा हलत नाही. दुसरं, चुंबक लोखंडी रॉडच्या टोकाला थेट चिकटवलं की क्षेत्र रॉडमध्ये ओढलं जातं. मध्ये १० मिमीचा नायलॉनचा तुकडा घातला. चिप आणि चुंबकात अंतर ०.५ ते ३ मिमी चालतं, २ ठेवलं. तिसरं, मॉड्यूलवरची दिशा ठरवणारी पिन मोकळी सोडली तर कधी डावं उजवं होतं. ती ग्राउंडला जोडायची.

चौथी चूक जोडणीत नसते, बसवण्यात असते. चालीच्या मध्येच कुठेतरी आकडा ४०९५ वरून ० वर आला तर रडर एका क्षणात एका टोकावरून दुसऱ्या टोकावर उडी मारतं. प्रोग्राममध्ये मध्यबिंदूचा आकडा वजा करून २०४८ मिळवायचे आणि ४०९६ च्या पलीकडे गेलं की गुंडाळून घ्यायचं. मग उडी चालीच्या बाहेर, जिथे दांडा पोचतच नाही तिथे जाते.

सगळ्या एएस५६०० चा पत्ता एकच, ०x३६, बदलता येत नाही. एका बोर्डाच्या त्याच दोन तारांवर दोन बसत नाहीत. म्हणून पेडलला स्वतंत्र प्रो मायक्रो, योकला स्वतंत्र. मल्टिप्लेक्सर लावण्यापेक्षा हे सरळ, आणि सेन्सरच्या तारा वीतभरच राहतात. मीटरभर तारेवर हे सिग्नल अधूनमधून अडखळतात.

६ जुलै

टो-ब्रेक, म्हणजे पायाच्या बोटांनी दाबायचा चाकांचा ब्रेक. पेडलचं वरचं टोक बिजागरीवर, मागे स्प्रिंग, ४९ई समोर छोटं चुंबक. चुंबक नसताना सेन्सर अडीच व्होल्टच्या आसपास देतो, जवळ आलं की बाजूप्रमाणे वर किंवा खाली. चाल सरळ रेषेत येत नाही, शेवटच्या काही मिलिमीटरांत आकडा भराभर वाढतो. ब्रेकला हे चालतं. योकला चाललं नसतं.

१३ जुलै

योक, आणि पहिली मोठी फसगत. रचना अशी: एक पोलादी पाइप दोन प्लमर ब्लॉकमध्ये (बेअरिंग बसवलेले ठोकळे) फिरतो, तो झाला रोल, विमानाचं डावी-उजवीकडे कलणं. ब्लॉक एका ट्रेवर, ट्रे ड्रॉवरच्या दोन टेलिस्कोपिक चॅनलवर पुढेमागे सरकतो, ते झालं पिच, नाक वर-खाली. चाल १५० मिमी.

ब्लॉक घेतले युसीपी२०४, भोक २० मिमी. पाइप घेतला रेलिंगचा, दुकानात सगळे त्याला ‘वीसचा’ म्हणतात. तो पाऊण इंची निघाला, म्हणजे १९.०५ मिमी. जवळजवळ एक मिलिमीटरचा खेळ. पाइपच्या टोकाला, हात असतो तिथे, तो तिप्पट जाणवतो. थंड पेयाच्या डब्याचा पत्रा गुंडाळून बघितला, दोन दिवसांत सरकला. खरा उपाय साधा आहे: युसीपी२०४-१२ मागायचं, त्याचं भोक पाऊण इंचीच असतं. बाहेरचं माप तेच, स्क्रूची भोकं तीच. ब्लॉक बदलून घेतले. व्हर्नियर खिशात ठेवल्याशिवाय नागदेवीला जाऊ नये.

१९ जुलै, शनिवार

चॅनल. दोन चॅनल अर्धा मिलिमीटर जरी तिरके बसले तरी ट्रे मध्येच अडतो. सुतारांची रीत वापरली: एक चॅनल पक्का, दुसऱ्याचे स्क्रू सैल. ट्रे पूर्ण पुढे नेऊन पुढचा स्क्रू आवळायचा, पूर्ण मागे नेऊन मागचा, मधले शेवटी. बाराशे चाळीस रुपयांचे महाग चॅनल लागत नाहीत. अडीचशेची १२ इंची जोडी पुरे, फक्त त्यात सॉफ्ट-क्लोज नको. सॉफ्ट-क्लोजचा चॅनल शेवटच्या ४० मिमीला योक आपणहून आत ओढतो आणि विमान नाक खाली घालतं.

मध्यावर आणायला दोन स्प्रिंगा, एकमेकींच्या विरुद्ध. स्प्रिंगा मध्यावर सैल असतील तर मधल्या पट्ट्यात योकला ओढच राहत नाही आणि उंची राखताना विमान सतत वरखाली डुलतं. चाल इकडे-तिकडे ७५ मिमी, म्हणून मध्यावर प्रत्येक स्प्रिंग ८५ मिमी ताणलेली हवी. मग टोकालाही १० मिमी ताण उरतो. सामान बांधायची इलास्टिक दोरी यात वापरू नये, काही महिन्यांत तिची ओढ जाते.

पिचच्या सेन्सरला सायकलच्या गिअरची आतली तार ट्रेला बांधून एका चाकावर एक वेढा. चाकाचा व्यास ६४ मिमी घेतला, म्हणजे परिघ साधारण २०० मिमी, म्हणजे १५० मिमी चालीत चाक २७० अंश फिरतं. ३०७२ पायऱ्या. पिचला इतक्या लागतातच, कारण डोळा नाकाच्या हालचालीला सगळ्यात आधी पकडतो. रोलला साधा पोट: १५० अंश चालीत पाचशेच्या वर पायऱ्या मिळतात, तेवढ्या पुरतात. पोटच्या मधल्या टोकापासून ग्राउंडपर्यंत १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावला आणि प्रोग्राममध्ये आठ वाचनांची सरासरी. थरथर थांबली.

२७ जुलै

दोन्ही प्रो मायक्रो एकदम लावले की सिम्युलेटरला एकच नाव दोनदा दिसतं. संगणक पुन्हा सुरू केला की कधी रडरच्या जागी एलेरॉन (पंखांवरच्या पट्ट्या) हलतात. आर्डुइनोच्या बोर्ड-फाइलमध्ये दोघांना वेगळी नावं दिली, एक ‘योक’, एक ‘पेडल’. बोर्ड घेताना हे कुणी सांगत नाही.

पहिली चाचणी फ्लाइटगिअर या सिम्युलेटरवर. फुकट आहे, मुक्त आहे, आणि त्यात मुळात येणारं विमान सेसना १७२पी हेच. अक्ष तपासायला याहून जास्त काही लागत नाही.

३ ऑगस्ट

थ्रॉटल आणि मिक्श्चर. ८ मिमीचा रॉड, मागे ६० मिमीचा स्लाइड पोट. एक पोट अर्ध्यावर आणला तरी इंजिन जेमतेम सुस्तावलेलं, शेवटच्या तुकड्यात एकदम गर्जना. उलटून बघितलं: ए१०के. ‘ए’ म्हणजे आवाजाच्या बटणांसाठीचा लॉगरिदमिक, आपल्याला ‘बी’ हवा. दुकानातल्या डब्यात दोन्ही एकत्र असतात.

रॉडला हवी तेवढी घट्ट पकड येण्यासाठी नळाच्या कॉकमधली रबरी वायसर, वरून नटाने दाबायची. खऱ्या विमानातही थ्रॉटलला पकड कमी-जास्त करायची चकती असते.

१० ऑगस्ट

मॅग्नेटो स्विच, म्हणजे इंजिनाला ठिणगी देणाऱ्या दोन मॅग्नेटोंचा. बंद, उजवा, डावा, दोन्ही, स्टार्ट. खरा चावीचा स्विच महाग, म्हणून पाच जागांचा रोटरी, स्टार्टला शेजारी साधं दाब-बटण. पाचवी जागा रिकामी.

सगळ्या जागा एकाच ॲनालॉग पिनवर. पहिल्या रचनेत ‘बंद’ म्हणजे शून्य व्होल्ट होतं. मॅग्नेटो तपासताना उजव्यावरून डाव्यावर जाता जाता इंजिन बंद पडे. कारण: रोटरी स्विच एका जागेचा संपर्क सोडतो आणि मग दुसरी पकडतो. मधल्या क्षणी पिन शून्यावर येते आणि सिम्युलेटरला ‘बंद’ कळतं. आता एक किलोओहमचे पाच रेझिस्टर पाच व्होल्टपासून ग्राउंडपर्यंत ओळीने, जागा १, २, ३, ४, ५ व्होल्टवर, आणि पिनपासून ग्राउंडला १०० किलोओहम. शून्य म्हणजे ‘मध्येच आहे, दुर्लक्ष कर’. आकडे २०५, ४०९, ६१४, ८१८, १०२३ च्या आसपास येतात.

१७ ऑगस्ट

घड्याळांचं पॅनल. सर्व्होवर (छोटी मोटर) काटे फिरणारी सहा खरी घड्याळं करायचा मोह होतो. एसजी९० सर्व्हो १८० अंशच फिरतो आणि गुणगुणतो. उंचीदर्शकाचा काटा तर गोलगोल फिरत राहायला हवा. त्याऐवजी जुना १९ इंची चौकोनी मॉनिटर, १,५०० रुपये, दिसणारा भाग ३७६ × ३०१ मिमी. पुढे भोकं पाडलेलं पॅनल, मागे पडद्यावर घड्याळं. विमानातल्या प्रमाण घड्याळाचं भोक सव्वातीन इंचांच्या जरा आतच, ३ पूर्णांक १/८ इंच, म्हणजे ७९.४ मिमी. पडद्याचा एक ठिपका ०.२९४ मिमी, तेव्हा घड्याळाचा व्यास २७० ठिपके ठेवला की भोकात नेमका बसतो.

आधी पॅनल ६ मिमी प्लायचं केलं होतं, पुढे मॉनिटरची ८ मिमी कड. डोळा पॅनलपेक्षा २५ अंश वर असतो, त्यामुळे १४ मिमी खोलीत घड्याळाची साडेसहा मिमी वरची कड झाकली जायची, वरच्या खुणा गायब. मॉनिटरची पुढची चौकट काढली आणि ३ मिमी काळं अॅक्रिलिक लेझरने कापून घेतलं. आता झाकतं ते दोन मिमीपेक्षा कमी. मॉनिटर उघडताना फक्त चौकट काढावी. जुन्या मॉनिटरमधल्या ट्यूबच्या इन्व्हर्टरवर शेकडो व्होल्ट असतात, प्लग काढल्यावरही लगेच हात घालू नये. पडदा वरून बघितल्यावर पांढुरका दिसत होता. असे जुने पडदे वरून आणि खालून सारखे दिसत नाहीत. पॅनल वरच्या बाजूने मागे १५ अंश कलतं केलं.

२४ ऑगस्ट

स्विच आणि रेडिओ मेगावर, बोर्ड सिम्युलेटरला जोडणाऱ्या मोबिफ्लाइट या सॉफ्टवेअरने, इथून पुढे सिम्युलेटर एक्स-प्लेन १२. मेगाला ५४ डिजिटल पिना आहेत, प्रत्येक स्विचला स्वतंत्र पिन दिली. मॅट्रिक्स केलं, म्हणजे स्विच ओळी-रकान्यांत जोडले, की तारा वाचतात, पण प्रत्येक स्विचला १एन४१४८ डायोड लागतो. तो नसेल तर तीन स्विच चालू असताना चौथा आपोआप चालू दिसतो. चौदा स्विचांसाठी एवढा खटाटोप कशाला.

टॉगलला ‘दाबला’ आणि ‘सोडला’ दोन्ही घटना वेगळ्या नेमून द्याव्यात. नुसतं ‘उलट कर’ दिलं तर सिम्युलेटर सुरू होताना वर असलेला स्विच कायमचा उलटा बसतो.

रेडिओचे अंक ११८.००० ते १३६.९७५, मोठी घुंडी मेगाहर्ट्झ, छोटी किलोहर्ट्झ, दोन सुटे एन्कोडर. एक खटका फिरवला तर आकडा दोनदा उडत होता: एन्कोडरचा प्रकार मोबिफ्लाइटमध्ये चुकीचा निवडलेला. अंकांचा उजेड पंधरापैकी तीनवर ठेवला. पूर्ण उजेडात पट्टी इतकी वीज खाते की मेगा अधूनमधून डोळे मिटतो. यूएसबी २.० च्या एका पोर्टला ५०० मिलिअँपिअर, सगळ्यात मिळून. म्हणून हब स्वतःच्या अडॅप्टरवर.

२७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर

गणपती. कॉकपिट तीन तुकड्यांत, भिंतीला उभं. सुटायला नऊ मिनिटं लागली.

७ सप्टेंबर

जुळणी, मग पडद्यावर किती रुंद दृश्य दिसावं त्याचा कोन. समोरचा २४ इंची मॉनिटर ५३१ मिमी रुंद, डोळ्यापासून ६५० मिमी. खरा कोन ४४ अंश येतो. तेवढाच ठेवला तर खिडकीच्या फटीतून बघितल्यासारखं होतं, ९० ठेवला तर धावपट्टी आहे त्याहून दूर वाटते, मग चाकं आपटतात. ६० वर थांबलो. बाजूला बघायला ओपनट्रॅक, डोकं वळलं की दृश्य वळवणारं सॉफ्टवेअर, साध्या वेबकॅमवर, फुकट.

चाचणी म्हणून सांताक्रूझ विमानतळाच्या ०९ क्रमांकाच्या धावपट्टीवर समुद्राकडून. वाटेत जरा डावीकडे जुहूची ०८ लागते, जवळजवळ त्याच दिशेची, फक्त फार आखूड. याच गफलतीने १९५३मध्ये एक कॉमेट प्रवासी जेट आणि १९७२मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८ जुहूला उतरलं होतं. ६० अंशांत दोन्ही पट्ट्या एकाच वेळी पडद्यावर राहतात आणि फरक कळतो. ४४ मध्ये एक कडेला जाते.

फ्लॅप (पंखांमागच्या, उतरताना खाली सोडायच्या पट्ट्या) ८५ नॉटच्या खाली आल्यावर पूर्ण, योक मागे ओढलेला धरून. इथे ट्रिमचं, म्हणजे योक सतत धरून ठेवायची गरज काढून टाकणारं, चाक नसल्याचं कळलं. स्प्रिंग सतत ओढते, मनगट दुखतं. पाचवा एन्कोडर शिल्लक आहे, त्याच्यावर १०० मिमीचं लाकडी चाक, उजव्या गुडघ्याशी.

आतापर्यंत: लाकूड ५,२००, आसन २,५००, यंत्रभाग ३,४००, इलेक्ट्रॉनिक्स ६,३००, जुना मॉनिटर १,५००, तारा-कनेक्टर-अॅक्रिलिक १,९००. एकूण २०,८००.

१४ सप्टेंबर

ट्रिमचं चाक बसलं. एन्कोडरच्या एका खटक्याला ट्रिम खूप हलत होतं, पाऊल चौथाईवर आणलं. आता ९० नॉटवर हात सोडला तर विमान मिनिटभर उंची धरतं. पॅनलच्या मागे दोन सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या, रंग दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाल्यावर. आता लावला तर पापुद्रे येतील.